क्रिप्टोचा भाव अचानक हलला, तर आधी काय तपासायचं?

स्क्रीनवर दिसणारा भाव म्हणजे नुकताच झालेला एक सौदा, एवढंच. तो सौदा केवढ्याचा होता, घेणारा आणि विकणारा वेगळे होते की एकच, त्याच भावाला तुमच्याकडचं कॉइन कुणी घेईल का, यातलं काहीही तो आकडा सांगत नाही. म्हणून एखादं कॉइन तासाभरात ३० टक्के चढलं किंवा पडलं, की ‘घेऊ की विकू’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी दोन गोष्टी शोधा: भाव कशाने हलला, आणि या भावाला बाहेर पडता येईल का.

भाव हलवणाऱ्या दोन मोठ्या गोष्टी म्हणजे सरकारी नियम आणि बाजारातली हेराफेरी. नियमामुळे पैशाच्या वाटा बदलतात: कोण घेऊ शकतं, कोण विकू शकतं, पैसा कुठल्या बँकेतून फिरतो. हेराफेरी करणारा बाजार कुठे उथळ आहे ते हेरतो आणि तिथे थोड्या पैशात भाव उचलतो. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा. सवय झाली की सगळं मिळून अर्धा तास लागतो.

पायरी १: बातमीचा मूळ कागद शोधा

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी क्रिप्टोच्या बातम्या देणाऱ्या एका माध्यमाने ब्लॅकरॉक या अमेरिकी गुंतवणूक कंपनीच्या बिटकॉइन ईटीएफला (शेअर बाजारात विकला जाणारा फंड) मंजुरी मिळाल्याचं चुकून जाहीर केलं. २८ हजार डॉलरच्या आसपास असलेला भाव काही मिनिटांत ३० हजारांजवळ पोचला. अर्ज अजून विचाराधीन आहे असं कंपनीने सांगताच तो तसाच खाली आला. पुढे ९ जानेवारी २०२४ रोजी तर अमेरिकेच्या एसईसी या नियामकाचं एक्सवरचं अधिकृत खातंच कुणीतरी ताब्यात घेतलं आणि मंजुरीची खोटी घोषणा केली. भाव ४८ हजारांकडे झेपावला आणि खुलासा येताच ४६ हजारांच्या खाली घसरला. खरी मंजुरी दुसऱ्या दिवशी आली.

यावरून एक नियम पक्का धरा: नियामकाचं सोशल मीडिया खातं हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे त्या संस्थेच्या वेबसाइटवरचा आदेश, अधिसूचना किंवा न्यायालयाचा निकाल. तो उघडून चार गोष्टी वाचा: मसुदा आहे की अंतिम, कोणाला लागू आहे, कोणत्या तारखेपासून, आणि जुन्या व्यवहारांना मुदत किती. युरोपियन युनियनचा ‘मायका’ कायदा जून २०२३ मध्ये अमलात आला, पण त्यातली स्टेबलकॉइनची (डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेलं कॉइन) कलमं ३० जून २०२४ पासून आणि उरलेली बहुतेक ३० डिसेंबर २०२४ पासून लागू झाली. ‘कायदा झाला’ एवढं मथळ्यात वाचून व्यवहार करणाऱ्याला या दीड वर्षाच्या अंतराचा पत्ताच नसतो. आणि भावाला धक्का बसतो तो बहुधा एक्सचेंज (जिथे कॉइनची खरेदी-विक्री होते तो मंच) एखादं कॉइन काढून टाकतं त्या सुमारास. म्हणून लागू होण्याची तारीख आणि तुमच्या एक्सचेंजची सूचना, दोन्ही लिहून ठेवा.

पायरी २: कुठली वाट बंद झाली किंवा उघडली, ते ओळखा

इथे घाई करू नका, कारण सगळ्या नियमांचा परिणाम सारखा नसतो. ‘बंदी आली म्हणजे भाव पडणार’ हे अर्धवट ज्ञान आहे.

चीनचंच बघा. डिसेंबर २०१३ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने बँकांना बिटकॉइनच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. तेव्हा उलाढालीचा मोठा वाटा चिनी एक्सचेंजवर होता, पैसे भरण्याची वाटच अडली, आणि ११०० डॉलरच्या वर गेलेला भाव दोन आठवड्यांत निम्म्यावर आला. सप्टेंबर २०१७ मध्ये नव्या टोकनची (एखाद्या प्रकल्पाने काढलेलं कॉइन) विक्री बंद झाली, एक्सचेंजना गाशा गुंडाळावा लागला आणि भाव पाच हजारांच्या आसपासून तीन हजारांपर्यंत घसरला. पण या वेळी जपान, कोरिया आणि इतर ठिकाणी खरेदीच्या वाटा उघड्या होत्या. डिसेंबरात भाव वीस हजारांजवळ होता. २०२१ मध्ये गदा आली ती मायनिंगवर, म्हणजे यंत्रांनी गणितं सोडवून व्यवहारांचे नवे ब्लॉक जोडण्याच्या कामावर. जुलैपर्यंत नेटवर्कची गणनशक्ती जवळपास निम्मी झाली, ब्लॉक उशिरा निघू लागले, आणि ३ जुलैला मायनिंगची काठिण्यपातळी (नवा ब्लॉक काढणं किती अवघड, त्याचं माप) आपोआप सुमारे २८ टक्क्यांनी उतरली. यंत्रं दुसऱ्या देशांत गेली. घेणाऱ्यांची वाट जगात इतरत्र शाबूत होती, आणि नोव्हेंबरात बिटकॉइन ६९ हजारांच्या आसपास, तेव्हाच्या उच्चांकावर होतं.

एकाच कॉइनवरचा खटला हा वेगळा प्रकार. एसईसीने २२ डिसेंबर २०२० रोजी रिपल कंपनीवर खटला भरला. एक्सचेंजनी रिपलशी जोडलेल्या एक्सआरपी या कॉइनचे व्यवहार थांबवायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात भाव निम्म्याहून खाली गेला. त्याच आठवड्यात बिटकॉइन मात्र चढत होतं. ही तुलना प्रत्येक वेळी करा: तुमच्या कॉइनचा आणि बिटकॉइनचा आलेख एकाच काळासाठी शेजारी ठेवा. दोन्ही एकत्र पडले असतील तर कारण बाजारभर पसरलेलं आहे. तुमचंच एकटं पडलं असेल तर कारण त्याच्यातच शोधायला हवं.

नवी वाट उघडते तेव्हाही सावध राहा, कारण उघडलेल्या दारातून माणसं आत येतात तशी बाहेरही जातात. १० जानेवारी २०२४ ला ईटीएफना मंजुरी मिळाली आणि दोन आठवड्यांत बिटकॉइन ४० हजारांच्या खाली आलं. ग्रेस्केल या कंपनीच्या जुन्या बिटकॉइन ट्रस्टमध्ये पैसे अडकलेल्यांना त्याआधी युनिट परत देऊन बाहेर पडायची सोय नव्हती. ट्रस्टचा ईटीएफ होताच त्यांनी मोठ्या प्रमाणावर विक्री केली. ती विक्री ओसरल्यावर मार्चमध्ये भाव ७३ हजारांच्या पुढे गेला. म्हणजे चांगल्या बातमीच्या वेळी हे विचारायचं: या निर्णयाची वाट पाहत विकायला कोण थांबलं होतं?

पायरी ३: बाजाराची खोली मोजा

आता हेराफेरीकडे. भाव किती पैशांत हलवता येतो हे कळलं की अर्धी भीती आणि अर्धा मोह, दोन्ही गळून पडतात.

एक्सचेंजवर ऑर्डर बुक, म्हणजे खरेदी-विक्रीसाठी थांबलेल्या ऑर्डरींची यादी, उघडा. चालू भावापासून २ टक्के खालपर्यंतच्या सगळ्या खरेदी-ऑर्डरींची रक्कम जोडा. ही झाली खालच्या बाजूची खोली. तुमची विक्री या रकमेच्या विसाव्या भागापेक्षा मोठी असेल तर तुम्हाला दिसतो तो भाव मिळेलच, असं धरू नका. आणि ही बेरीज दोन-तीनदा, काही मिनिटांच्या अंतराने करा. मोठी ऑर्डर दिसते, भाव जवळ आला की गायब होते, पुन्हा दूर उभी राहते, असं होत असेल तर ती नुसती दाखवायला लावलेली आहे. याला स्पूफिंग म्हणतात.

विकेंद्रित एक्सचेंजवर (मधली कंपनी नसलेलं, प्रोग्रामवर चालणारं) ऑर्डर बुकऐवजी बहुधा लिक्विडिटी पूल असतो, म्हणजे ज्यातून अदलाबदल होते असा टोकन आणि पैशांचा साठा, आणि तिथलं गणित सगळ्यात जास्त फसवं. एक पूल घ्या: त्यात १,००,००० टोकन आणि १०,००० डॉलर आहेत. भाव १० सेंट. साध्या पूलमध्ये टोकन आणि डॉलर यांचा गुणाकार कायम राहतो. शुल्क सध्या बाजूला ठेवू. कुणी १०,००० डॉलर ओतले की पूलमध्ये २०,००० डॉलर झाले; गुणाकार तोच राहायचा तर टोकन ५०,००० उरले पाहिजेत, म्हणून त्याला ५०,००० टोकन मिळाले. नवा भाव २० हजार भागिले ५० हजार, म्हणजे ४० सेंट. दहा हजार डॉलरमध्ये भाव चौपट! या टोकनचा एकूण पुरवठा १० कोटी असेल तर संकेतस्थळांवर ‘मार्केट कॅप’ (भाव गुणिले एकूण पुरवठा) १ कोटीवरून ४ कोटी डॉलर झालेलं दिसेल. तीन कोटी डॉलर कुणीच आणलेले नाहीत.

आता टोकन काढणाऱ्याने आपल्याजवळचे वेगळे ५०,००० टोकन विकले. तो १०,००० डॉलर घेऊन जातो आणि भाव पुन्हा १० सेंट. ज्याने दहा हजार भरले होते तो आता आपले ५०,००० टोकन विकायला गेला तर त्याला जेमतेम ३,३३३ डॉलर मिळतात. पूल कुणी हॅक केला नाही, गणितही बिघडलं नाही. पूल उथळ होता आणि खरेदीदाराने फक्त भाव पाहिला.

हा खेळ मोठ्या रकमांवरही होतो. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी मँगो मार्केट्स या विकेंद्रित एक्सचेंजवर एका व्यापाऱ्याने दोन खाती वापरून एमएनजीओ टोकनचा भाव काही सेंटवरून ९१ सेंटपर्यंत नेला, त्या फुगलेल्या किमतीच्या तारणावर कर्ज उचललं आणि १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम काढून नेली. २०२४ मध्ये ज्युरीने त्याला दोषी धरलं; २०२५ मध्ये न्यायाधीशाने तो निकाल रद्द केला. कायदा आपल्या मदतीला धावेल या भरवशावर उथळ बाजारात उतरू नका, हे आमचं ठाम मत आहे.

पायरी ४: उलाढाल खरी आहे का ते पाहा

वॉश ट्रेडिंगमध्ये एकच माणूस दोन खात्यांतून स्वतःशीच सौदे करतो, म्हणजे कॉइनला गिऱ्हाईक आहे असं भासतं. बिटवाइज या कंपनीने मार्च २०१९ मध्ये एसईसीला दिलेल्या अभ्यासात जाहीर होणाऱ्या बिटकॉइन उलाढालीपैकी सुमारे ९५ टक्के बनावट किंवा निरर्थक असल्याचं म्हटलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत १८ व्यक्ती आणि कंपन्यांवर याच स्वरूपाचे आरोप ठेवले गेले. त्यांना पकडण्यासाठी एफबीआयने स्वतःचं टोकन काढलं होतं.

सौद्यांची यादी उघडून शेवटचे शंभर सौदे वाचा. खरी माणसं गोल आकड्यांत व्यवहार करतात: ०.१, १, ५०, १००. बॉटचे आकडे वेडेवाकडे किंवा अगदी एकसारखे असतात, आणि ठरावीक सेकंदांनी येतात. सौदे होताहेत पण ऑर्डर बुकमधल्या ऑर्डरी हलत नाहीत, ही मोठी खूण. दुसरी खूण म्हणजे २४ तासांची उलाढाल कोट्यवधींची आणि २ टक्क्यांची खोली काही हजारांची.

पायरी ५: माल कुणाच्या हातात आहे

ब्लॉक एक्सप्लोररवर (ब्लॉकचेनवरच्या नोंदी दाखवणारं संकेतस्थळ) टोकनचा पत्ता टाका आणि धारकांची यादी काढा. त्यातून एक्सचेंजची वॉलेट (कॉइन ठेवण्याची खाती), पूल आणि नष्ट केलेल्या टोकनचे पत्ते वगळा. उरलेल्या पहिल्या दहांकडे पुरवठ्याचा मोठा हिस्सा असेल, आणि त्या सगळ्या वॉलेटमध्ये सुरुवातीचे पैसे एकाच ठिकाणाहून आले असतील, तर दहा धारक नाहीत, एकच आहे. पुढे दोन तारखा शोधा: संस्थापकांचे टोकन कधी खुले होतात, आणि पूलमधला पैसा कधीपर्यंत लॉक आहे. लॉक नसेल तर तो पैसा कोणत्याही क्षणी काढून नेता येतो.

टोकन विकता येतं का, हेही तपासा. २०२१ मध्ये एका गाजलेल्या मालिकेच्या नावाने निघालेलं टोकन काही दिवसांत २,८०० डॉलरच्या वर गेलं आणि मिनिटांत शून्याजवळ आलं. चढत्या काळात बहुतेकांना ते विकताच आलं नव्हतं. विक्री रोखणारी अट स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे टोकन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, लपवता येते. म्हणून मोठी खरेदी करण्यापूर्वी अगदी थोडी रक्कम घालून खरेदी करा आणि लगेच विकून पाहा. ती विक्री झाली तरी अट नंतर बदलण्याचा अधिकार मालकाकडे आहे का, हे कॉन्ट्रॅक्टमध्ये पाहावं लागतं.

पायरी ६: उधारीचा दाब

फ्युचर्समध्ये (पुढच्या भावावर लावलेले सौदे) १० पट लिव्हरेज, म्हणजे स्वतःच्या पैशाच्या दहापट सौदा, घेतलेल्याचा सौदा भाव १० टक्के विरुद्ध जाण्याच्या थोडा आधीच बंद केला जातो. २० पटीला ५ टक्के पुरतात. जबरदस्तीने झालेली ही विक्री भाव आणखी पाडते, आणि त्याने पुढचे सौदे तुटतात. १० ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेने चीनवर नव्या आयातशुल्काची घोषणा केल्यावर दिवसभरात १,९०० कोटी डॉलरहून अधिकचे सौदे असे बंद झाले. ओपन इंटरेस्ट (अजून उघडे असलेले फ्युचर्स सौदे) वाढतंय, फंडिंग रेट (तेजीवाले आणि मंदीवाले एकमेकांना देतात ते शुल्क) बराच धन आहे, म्हणजे तेजीवाले पैसे मोजताहेत, आणि खोली कमी आहे, असं एकत्र दिसलं तर छोटी अफवाही पुरते. अशा वेळी लिव्हरेज नको. स्टॉप-लॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विकणारी ऑर्डर) लावला तरी उथळ बाजारात तो ठरवलेल्या भावापेक्षा बराच खाली सुटू शकतो. शक्य तिथे लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच होणारी) वापरा, आणि ती अपुरी राहू शकते हे धरून चाला.

फसवणूक झालीच, तर

त्याच दिवशी सौद्यांची नोंद, ट्रान्झॅक्शन हॅश (प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक), वॉलेटचे पत्ते आणि ग्रुपमधले संदेश जपून ठेवा. ग्रुप बंद होतात, संदेश पुसले जातात. ब्लॉकचेनवरची नोंद तेवढी राहते. एक्सचेंजला लेखी कळवा, कारण पैसा अजून त्यांच्याकडच्या खात्यात असेल तर गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. नंतर पोलीस किंवा नियामकाकडे तक्रार द्या. आणि ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी शुल्क भरा’ म्हणणारा कुणीही आला तर एक पैसाही देऊ नका. नुकसान झालेल्यांच्या याद्या विकल्या जातात, आणि हा फोन त्याच यादीवरून आलेला असू शकतो.