दुर्गम डोंगरावर जाताय? बेत आखतानाच या चुका टाळा

दुर्गम डोंगरावर होणाऱ्या बऱ्याच गडबडींचं मूळ घरी बसून आखलेल्या बेतात असतं. तिथे मळलेली वाट नसते, फोनला रेंज नसते आणि मदत यायला काही तास, कधी अख्खी रात्र जाते. जवळच्या डोंगरावर खपून जाणारी ढिलाई इथे महागात पडते. म्हणून माझा आग्रह एकच आहे: बेत माथ्यापासून नको, परतीपासून आखा.

फक्त किलोमीटर मोजणं

सर्वांत जास्त बेत इथेच फसतात. '१८ किलोमीटर म्हणजे चार तास' हा हिशोब सपाटीवरचा झाला. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितलेला आडाखा आजही कामाला येतो. दर ५ किलोमीटरला १ तास आणि त्याशिवाय चढाईच्या दर ६०० मीटरला आणखी १ तास. उतरताना वेळ वाचतो असं गृहीत धरू नका. तीव्र उतारावर दर ३०० मीटरला १० मिनिटं वाढवावी लागतात.

एक उदाहरण घेऊ. जाऊन-येऊन १८ किलोमीटर, चढाई १,२०० मीटर, उतार तीव्र. जाताना ९ किलोमीटरचे १ तास ४८ मिनिटं आणि चढाईचे २ तास, म्हणजे ३ तास ४८ मिनिटं. येताना १ तास ४८ मिनिटं आणि उताराची ४० मिनिटं, म्हणजे २ तास २८ मिनिटं. एकूण सव्वासहा तास. पण हा न थांबता चालणाऱ्या दमदार माणसाचा वेळ. जड सॅक, घसारा, वाट शोधणं आणि गटातला सर्वांत हळू चालणारा सोबती, हे सगळं धरून मी त्याची दीडपट करतो. झाले साडेनऊ तास. सकाळी ९ वाजता निघालात, तर सूर्यास्त ६ वाजताचा असल्यास शेवटचा टप्पा अंधारात उतरणार हे घरीच ठरलेलं आहे.

परत फिरण्याची वेळ न ठरवणं

आता हाच हिशोब उलटा मांडा. सूर्यास्त ६ वाजता. हाताशी दोन तास राखून ४ वाजता पायथ्याशी पोचायचं आहे. उतरायला दीडपटीने पावणेचार तास. म्हणजे दुपारी १२ च्या सुमारास तुम्ही कुठेही असा, मागे फिरायचं. चढायला दीडपटीने पावणेसहा तास लागणार, म्हणजे पहाटे ६ ला निघालात तरच माथा वेळेत गाठता येईल. मागे फिरायची ही वेळ कागदावर लिहा आणि निघण्यापूर्वी गटातल्या प्रत्येकाला सांगा. माथा समोर दिसत असताना, दमलेल्या शरीराने घेतलेला निर्णय बहुतेकदा चुकीचा असतो. तो शांत डोक्याने आदल्या दिवशीच घेऊन ठेवलेला बरा.

नकाशा वरवर पाहणं

नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, खूप काही सांगतात, पण सगळं नाही. दोन रेषांमधलं उंचीचं अंतर २० मीटरचं असेल, तर १५ मीटरचा कडा त्या दोन रेषांच्या मध्ये लपू शकतो. असा कडा माणसाला अडवायला पुरेसा असतो. म्हणून नकाशासोबत उपग्रह छायाचित्रंही बघा आणि ज्या उतारावर शंका असेल तिथे आधीच खूण करा. व्ही आकाराच्या रेषांचं टोक चढाकडे असेल तर ती ओढ्याची घळ, उताराकडे असेल तर सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत जाणारी धार. दाट धुक्यात चुकीच्या सोंडेवरून उतरणं ही नेहमीची चूक आहे. माथ्यावरून कोणत्या दिशेला निघायचं, ती दिशा होकायंत्राच्या अंशांत लिहून न्या. होकायंत्राची उत्तर आणि नकाशावरची उत्तर यांत फरक असतो, तोही धरा. दिशा १० अंशांनी चुकली, तर एका किलोमीटरमध्ये तुम्ही पावणेदोनशे मीटर बाजूला जाता.

दुसऱ्या कुणाचा जीपीएस ट्रॅक, म्हणजे त्याने चाललेल्या वाटेची नोंद, घेतला असेल, तर तो कोणत्या ऋतूतला आहे हे आधी बघा. कोरड्या दिवसांत पायाखाली येणारा ओढा पावसात पार करता येईलच असं नाही. बर्फ वितळून वाहणारे ओढे दुपारनंतर फुगतात, ते सकाळीच ओलांडावेत.

फोनचं जीपीएस रेंजशिवायही चालतं, मात्र नकाशे आधी फोनमध्ये डाउनलोड करून ठेवलेले हवेत. फोन विमान मोडवर टाका. रेंज शोधण्यातच बॅटरी संपते. थंडीत तो अंगालगतच्या खिशात ठेवा. कागदी नकाशा तरीही सोबत हवाच.

पायथ्याच्या हवेवरून कपडे भरणं

दर १,००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंश सेल्सियसने उतरतं. आपल्या उदाहरणातल्या माथ्यावर सुमारे ८ अंशांचा फरक पडेल, वाऱ्याचा गारठा वेगळाच. शरीराचं तापमान धोकादायकरीत्या घसरायला बर्फच लागतं असं नाही. ओले कपडे आणि वारा पुरतात. सुती कपडा भिजला की ऊब देत नाही. कोरडा जादा थर, वाराप्रूफ जॅकेट आणि प्रत्येकाची स्वतःची हेडटॉर्च, यांत काटकसर नको.

३,००० मीटरच्या वर मुक्काम असेल, तर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नका. डोकेदुखीबरोबर मळमळ सुरू झाली की आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जाऊ लागला तर लगेच खाली, मग रात्र असली तरी.

वाट चुकलीच तर

थांबा. ओढ्याच्या काठाने खाली गेलं की गाव लागतं, या समजुतीवर विसंबू नका. ओढा धबधब्याच्या कड्यावर नेऊन सोडू शकतो. जिथवर वाट नक्की ठाऊक होती, तिथे परत या. दिवस मावळत असेल तर उतरण्याची घाई सोडा, वाऱ्यापासून आडोसा शोधा, सगळे कपडे चढवा आणि सॅकवर बसा, म्हणजे जमिनीचा गारवा अंगात भिनत नाही. गट फोडू नका. मदतीची खूण म्हणजे मिनिटाला ६ शिट्ट्या किंवा टॉर्चचे ६ झोत, मग मिनिटभर थांबून पुन्हा तेच. उत्तर मिनिटाला ३ असं येतं.

घरी अर्धवट निरोप ठेवणं

'डोंगरावर चाललोय' एवढं पुरत नाही. चढायची वाट, उतरायची वाट, गाडी कुठे लावणार, किती जण, आणि दोन वेगळ्या वेळा लिहून द्या: परतण्याची अपेक्षित वेळ आणि शोध सुरू करायला सांगण्याची वेळ. दोन्ही एकच ठेवल्या तर तासाभराच्या उशिरानेही धावाधाव होते, आणि दुसरी वेळ ठरवलीच नाही तर घरचे 'येतील अजून' म्हणत रात्र घालवतात. ऐनवेळी वाट बदललीत तर रेंज असेतोवर त्यांना कळवा. खाली आल्यावर जेवणाआधी पहिला फोन त्यांनाच करा, नाहीतर शोधपथक अंधारात तुमच्यासाठी विनाकारण डोंगर चढू लागेल.