वावरातला पाऊस मोजा, मग पाणी काढा

‘काल लय पाऊस झाला’ एवढ्यावर पेरणी, खत आणि फवारणी ठरवू नका. आपल्या नागपूर जिल्ह्यात धुऱ्याच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धूळ असं जून-जुलैत सर्रास दिसतं. महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राचा आकडा त्या केंद्रापुरता असतो. पंचनाम्याला तो लागेल, डवरणीला (पिकातल्या कोळपणीला) नाही.

पर्जन्यमापक विकत घ्यायलाच हवा असं नाही. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा घ्या आणि साचलेलं पाणी पट्टीनं मोजा, जितके मिलिमीटर खोली तितका पाऊस. पाऊस कमी असला की पट्टीवर नीट कळत नाही. त्यासाठी १६ सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं बाटलीवर बसवा. त्यात २० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिमी. औषध मोजायचं माप घरात असतंच. झाड किंवा गोठा जितका उंच, त्याच्या दुप्पट अंतर सोडून मापक ठेवा. रोज सकाळी साडेआठला वाचून वहीत लिहा, हवामान खात्याचीही वेळ तीच.

२५ मिमी पाऊस म्हणजे एकरी सुमारे १ लाख लिटर पाणी. ते किती वेळात पडलं, यावर पुढचं सगळं अवलंबून. आपल्याकडे डोंगर अडवून पडणारा घाटाचा पाऊस नाही. इथे दोन प्रकार महत्त्वाचे. दुपारी तापून, गडगडून येणारी सर तासाभरात ओतून जाते, तिचं बरंच पाणी माती घेऊन नाल्याला लागतं. बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्याची झड दोन-तीन दिवस रेंगाळते आणि खोल मुरते.

काळ्या जमिनीचं गणित आणखी वेगळं. सुरुवातीला भेगा पाणी पितात. माती फुगून भेगा मिटल्या की तेवढाच पाऊस वावरात तुंबतो. म्हणून ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय सोयाबीन, पऱ्हाटी (कपाशी) पेरू नका, मृग लागला असला तरी. सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर घ्या. सऱ्यांचं तोंड उताराच्या चरात उघडं हवं, नाहीतर सरीच डबकं होते.

काटोल, नरखेडच्या संत्रा बागाईतदारांनी तर झडीला जास्तच भ्यावं. बुंध्याशी पाणी साचलं की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, आलाच. दोन ओळींमध्ये उताराच्या दिशेनं चर काढा, आळ्यातलं पाणी फोडून द्या. पावसाआधी खोडाला एक मीटरपर्यंत बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.

आता नाल्याचं. बांध घालून शेजाऱ्याच्या वावरात पाणी ढकलू नका, भांडण होतं आणि माती दोघांची जाते. नाल्यातली झुडपं, मोरीतला गाळ मेअखेर काढा. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिमीहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी वस्त्यांत शिरली. नाग पुढे कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळते. म्हणजे शहरात ओतलेलं पाणी खालच्या गावांच्या वाट्याला येतं.

कन्हान भरून वाहत असली की नाल्याचं पाणी तिच्यात शिरत नाही, उलटं मागे फुगतं. मौदा, कुहीकडच्या नदीकाठच्या बांध्यांत (धानाच्या वाफ्यांत) पाणी असंच चढतं, चर कितीही साफ असला तरी. कन्हानला मिळणाऱ्या पेंच नदीवरच्या तोतलाडोह, नवेगाव खैरी धरणांतून विसर्ग वाढल्याचा निरोप आला की आभाळ निरभ्र असलं तरी काठावरची मोटर, पाइप आणि स्टार्टर वर आणा. जनावरं खालच्या कुरणात सोडू नका.