कुळागरापलीकडे वायफाय न्यायचे तर

फायबरची तार रस्त्याकाठच्या घरापर्यंत येते आणि तिथेच थांबते. खाली कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, पंपघर, त्याच्या पलीकडे शेतघर. तिथे कॅमेरा हवा, पंप फोनवरून चालू करायचा आहे, तर पाचेकशे मीटर नेट न्यायचे कसे? गोव्यातली फोंडा-सत्तरीकडची माणसे हे नेहमी विचारतात, आणि बहुतेकांनी तोवर कुणाच्या तरी सांगण्यावरून चार अँटेनांचा महागडा राउटर आणलेला असतो. तो परत करा. त्याची ताकद चारही दिशांना वाटली जाते. तुम्हाला ती एकाच दिशेला हवी आहे.

त्यासाठी एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची दोन आउटडोअर सीपीई, म्हणजे उघड्यावर लावायची वायफाय यंत्रे, घ्या : ५ गिगाहर्ट्झची, १३ डीबीआयच्या (अँटेना ताकद एका दिशेला किती एकवटते त्याचे माप) आसपास पॅनेल अँटेना असलेली. भारतात ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झचा पट्टा २०१८ पासून, शक्तीची मर्यादा पाळून, विनापरवाना वापरता येतो. चॅनेल तिथलेच निवडा. रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ८० च्या मोहात पडलात तर गोंगाटही तेवढाच जास्त आत येतो.

दोन्ही यंत्रे घरातल्या टेबलावरच जोडून घ्या. एक ॲक्सेस पॉइंट (नेट देणारे), दुसरे स्टेशन (ते घेणारे), दोन्ही ब्रिज मोडवर (म्हणजे दोन्ही मिळून एका लांब केबलसारखी वागतात), देश भारत, पासवर्ड पक्का. ती टेबलावर एकमेकांशी बोलू लागल्याशिवाय शिडीला हात लावू नका.

आता वाट. मी सगळ्यात जास्त घाम इथेच गाळला आहे आणि सगळ्यात चुकीचे सल्लेही इथेच मिळतात. "गच्चीवरून पंपघर दिसते ना, मग झाले!" नाही होत. पोफळींच्या फटीतून डोळ्याला पलीकडचे छप्पर दिसते, पण रेडिओलहरी एका रेषेतून जात नाहीत. दोन अँटेनांच्या मधे त्यांना तवशासारखा, मध्यभागी फुगीर आणि टोकांना निमुळता असा पट्टा मोकळा लागतो. याला फ्रेनेल झोन म्हणतात. ५०० मीटर अंतर आणि ५.८ गिगाहर्ट्झ धरले तर मध्यभागी त्याची त्रिज्या सुमारे अडीच मीटर भरते. त्यातला निदान ६० टक्के भाग, म्हणजे रेषेच्या सगळ्या बाजूंना दीड मीटर, रिकामा हवाच. मी वाटेतल्या सर्वांत उंच झावळीच्या वर तीन मीटर धरतो, कारण माड वाढत राहतो.

एप्रिलमध्ये हे सोडून दिले तरी लिंक चालते, म्हणून लोक फसतात. जूनमध्ये ती कोसळली की दोष पावसाला. डिश टीव्ही पावसात जातो ते खरे, पण तो १० गिगाहर्ट्झच्या वर चालतो. ५ गिगाहर्ट्झला या अंतरावर पडता पाऊस जवळपास काहीच करत नाही. लिंक मारते ते झावळ्यांवर चढलेले पाणी. वाटेतला एक भिजलेला माड सहज १० डीबी (सिग्नलच्या घट-वाढीचे माप) खातो, म्हणजे सिग्नलचा दहावा हिस्सा उरतो. अशा वेळी "पॉवर वाढवा" सांगणाऱ्याचे ऐकू नका. पॉवर दुप्पट केली तरी ३ डीबीच वाढतात.

उपाय उंचीचा आणि जागेचा. घराच्या चिऱ्यांच्या भिंतीला जीआय पाइप क्लॅम्पने पक्का बांधा, छपराच्या नळ्यांवर (कौलांवर) टेकवू नका. पाटाच्या किंवा पायवाटेच्या वर झाडांत मोकळी फट असते, ती शोधा आणि अँटेना चार मीटर सरकवावी लागली तरी सरकवा. आणि माडाच्या खोडाला सीपीई कधीही ठोकू नका. माड वाऱ्यावर डोलतो, निशाणा हलतो आणि खिळ्याच्या जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो. नेटपायी माड घालवू नका.

निशाणा लावण्याआधी कागदावर हिशेब करा. पाठवण्याची शक्ती २० डीबीएम (डीबीतच मोजलेली शक्ती), दोन्ही अँटेनांचे १३ आणि १३, बेरीज ४६. मोकळ्या हवेतल्या ५०० मीटरांत सुमारे १०२ वजा होतात. उरले उणे ५६, पलीकडच्या यंत्रावर दिसायला हवा तो सिग्नलचा आकडा. हा आकडा हातात असला की अंदाजाने अँटेना फिरवत बसावे लागत नाही. दोन टोकांना दोन माणसे, फोन चालू, एका वेळी एकानेच हलवायचे. डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा आणि आकडा चढून पुन्हा उतरेपर्यंत थांबू नका. अँटेनाला मुख्य झोताशिवाय बाजूचे कमजोर झोतही असतात, आणि पहिल्या चढालाच नट आवळला तर तुम्ही त्यांतल्याच एखाद्यावर अडकता. मग वरखाली. कुळागर घरापेक्षा ३० मीटर खाली असेल तर वरची अँटेना साधारण साडेतीन अंश वाकवावी लागते, खालची तेवढीच वर. प्रत्येक हालचालीनंतर दहा सेकंद थांबा. उणे ६० किंवा त्याहून शून्याच्या जवळ आलात तर उत्तम. उणे ७० वरच रेंगाळत असेल तर निशाणा चुकला आहे किंवा वाटेत पाने आहेत. उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही साखळ्यांचे (एकाच अँटेनातल्या दोन स्वतंत्र लहरींचे) आकडे जवळजवळ सारखे हवेत.

केबल बाहेरची, शुद्ध तांब्याची, १०० मीटरच्या आत. यंत्रात शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. पीओई अडॅप्टर (नेटच्या केबलमधूनच वीज देणारा) यंत्रासोबत आलेलाच वापरा. पाइपला अर्थिंग करा, आणि मे व ऑक्टोबरच्या गडगडाटात दोन्हीकडचे प्लग काढून ठेवा.

शेवटी सिग्नलचा आकडा तारखेसह भिंतीवर लिहा. जुलैत, जोराची सर ओसरली की लगेच, पुन्हा बघा. सहा डीबीपेक्षा जास्त उतरला असेल तर पाइप मीटरभर वाढवा. वारा सुटला की आकडा नाचत असेल तर एखादी झावळ वाटेत आली आहे. पाडेली नारळ काढायला येईल तेव्हा त्याला ती दाखवा. सुकत आलेली असेल तर उतरवू द्या. हिरवी असेल तर झावळ राहू द्या, अँटेनाच हलवा.