सीड्या डब्यांत भरण्याआधी

मोठं टेबल मोकळं करा, त्यावर धुतलेलं सुती कापड अंथरा आणि पंखा बंद करा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे झाले पाहिजेत. मायक्रोफायबरचं कापड, थोडं डिस्टिल्ड पाणी, काही रिकाम्या डब्या आणि नोंदीसाठी वही एवढं हाताशी असलं की उठावं लागत नाही.

सीडी डबीतून ओढून काढू नका. मधल्या दातेरी भागावर बोट दाबा, सीडी सुटली की कडेला धरून उचला. वाकवून काढत राहिलं की मधल्या भोकाभोवती बारीक तडे जातात. दाते मोडले असतील तर डबी सरळ बदला, कारण आत खुळखुळणारी सीडी स्वतःच ओरखडे पाडून घेते. मोडक्या दाताचा तुकडा आत राहिला नाही ना, तेही पाहा.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. चकाकणारी बाजू सगळेच जपतात, पण जास्त नाजूक असते ती छापील बाजू. सीडी १.२ मिलिमीटर जाडीची. त्यातली जवळजवळ सगळी जाडी पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची. नोंदलेली माहिती आणि अॅल्युमिनियमचा अतिपातळ थर छापील बाजूला लागून असतात आणि त्यांच्यावर फक्त लॅकरचं, म्हणजे वार्निशसारखं, पातळ आवरण असतं. खालचा ओरखडा पुष्कळदा पॉलिश करून काढता येतो. वरून अॅल्युमिनियम खरवडलं गेलं तर तेवढी माहिती गेलीच. म्हणून छापील बाजूवर बॉलपेन चालवू नका, चिकटपट्टी किंवा स्टिकर लावू नका. आधीच लावलेला स्टिकर असेल तर तसाच राहू द्या, सोलताना थरही निघून येतो. नाव लिहायचंच तर मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईच्या मऊ मार्करने.

पुसायचं ते भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल फिरवून पुसताना पडलेला ओरखडा नोंदीच्या मार्गालाच धरून लांबवर जातो आणि प्लेअरची चूक-दुरुस्ती, म्हणजे न वाचता आलेली माहिती भरून काढण्याची सोय, तिथे कमी पडते.

काही जुन्या संचांमध्ये फोमचा तुकडा असतो. तो काढून टाका. कालांतराने विरघळून सीडीला चिकटतो. ओलसर झालेली पुस्तिका वाळवूनच आत ठेवा.

डब्या पुस्तकांसारख्या उभ्या लावा. दीर्घ साठवणीसाठी ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली जाते. तेवढं साधलं नाही तरी ऊन, ओल आणि तापमानातले एकदम होणारे चढउतार टाळा. घरी संगणकावर लिहिलेल्या (बर्न केलेल्या) सीड्या तर अंधारातच हव्यात, त्यांच्यातला रंगद्रव्याचा थर उजेडाने खराब होतो. ज्या गाण्यांची किंवा फोटोंची दुसरी प्रत कुठेच नाही, त्या सीड्या बाजूला काढा. त्यांची नक्कल संगणकावर उतरवून, ती उघडून पाहून मगच त्या कपाटात जाऊ द्या.