शोभेच्या कोबीला पुण्यात रंग कसा आणायचा

थंडीत कुंड्यांमध्ये मोठ्ठं गुलाबी-जांभळं फूल दिसतं ना, ती खरं तर पानं आहेत, भाजीच्या कोबीच्याच भावंडाची. गोल सपाट पानांचा असतो तो शोभेचा कोबी आणि कातरलेली झालरवाली पानं असतील तर केल, लागवड दोन्हीची सेमच.

परदेशातले व्हिडिओ बघून ऑक्टोबरमध्ये रंगाची वाट बघत बसू नका, आपल्या ऑक्टोबर हीटमध्ये कसला रंग येतोय! रात्रीचा पारा १०-१२ अंशांकडे यायला लागला की मधली नवीन पानं रंग धरतात, बाहेरची जुनी हिरवीच राहतात, म्हणजे पुण्यात डिसेंबर-जानेवारी. पाषाण-शिवाजीनगरकडे रात्री जास्त गार असतात, मगरपट्ट्याकडे तेवढ्या नाही, तिथल्यांनी जरा धीर धरायचा.

बी नवरात्राच्या आसपास टाकायचं, ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत, वर अगदी पातळ थर. आठवड्याभरात उगवतं. परतीचा पाऊस कधीही झोडपतो, त्यामुळे ट्रे आडोशाला पण उजेडात ठेवा, नाहीतर रोपं लांबुडकी होतात. ४-५ पानं आली की ८-१० इंची कुंडीत एकेक रोप, आणि लावताना खालचा उघडा देठ मातीत जाईल इतकं खोल लावा, नाहीतर खाली काडी आणि वर टोपी असा अवतार होतो. वाफ्यात लावणार असाल तर एक-सव्वा फूट अंतर. ऊन ५-६ तास तरी हवंच.

खताचा मोह आवरा. सुरुवातीला शेणखत ठीक आहे, पण थंडी पडली की युरियाबिरिया पूर्ण बंद, नत्र जास्त झालं की झाड नुसतं हिरवंगार होतं आणि रंग मार खातो.

अळी येणारच. पानांच्या खालून रोज बघा, दिसली की सरळ वेचून टाका, मावा (रस शोषणारी बारीक कीड) असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा.

एवढा खटाटोप नको असेल तर डिसेंबरमध्ये सोलापूर रोडला उरुळी कांचनकडच्या नर्सऱ्यांमध्ये चक्कर मारा, फक्त हव्या त्या साइजचंच रोप घ्या, छोट्या पिशवीत मुळं गच्च झालेलं रोप नंतर फारसं वाढत नाही. आणि ते भाजीत घालू नका हं, खाता येतो हा कोबी पण कडसर लागतो, शिवाय विकतच्या रोपांवर काय काय फवारलेलं असतं कोण जाणे.

ऊन तापायला लागलं की मधून दांडा वर येऊन पिवळी फुलं येतात, मग उपटून कंपोस्टमध्ये टाका आणि पुढच्या सीझनला त्या मातीत कोबी-फ्लॉवर-मुळा सोडून दुसरं काहीतरी लावा.