आरपीजी ‘सोपे’ झाले म्हणून नाकं मुरडताय? आधी या चुका टाळा

आरपीजी म्हणजे आपलं पात्र घडवत खेळायचे रोल-प्लेइंग गेम. नवे आरपीजी सोपे झाले, त्यांची खोली गेली, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पुरावा म्हणून ‘मॉरोविंड’ (२००२), ‘ऑब्लिव्हियन’ (२००६), ‘स्कायरिम’ (२०११) ही नावं पुढे होतात. बेथेस्डा कंपनीच्या या तीन गेममध्ये पात्राची स्किल्स (कौशल्यं) २७ वरून २१ आणि मग १८ वर आली. हे आकडे तोंडावर फेकले की वाद जिंकला, असं बऱ्याच जणांना वाटतं.

पहिली चूक हीच. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये लेव्हल वाढताना ताकद, चपळाई अशा मूळ गुणांत पुरते +५ हवे असतील, तर कुठलं स्किल किती वेळा वाढलं याचा हिशोब ठेवावा लागायचा. नाही ठेवला, तर शत्रू तुमच्या लेव्हलसोबत वाढत जायचे आणि तुम्हीच मागे पडायचात. मग लोक वहीत नोंदी करत बसायचे. याला खोली नाही, कारकुनी म्हणतात. ‘स्कायरिम’ने ते आठही गुण काढून टाकले, बरंच केलं.

बिघडलं ते वेगळ्याच ठिकाणी. ‘मॉरोविंड’च्या गिल्डमध्ये (लढवय्ये, जादूगार, चोर यांच्या संघटनेत) बढती हवी तर ठरावीक स्किल्स कमवावीच लागत, आणि तीन मोठ्या घराण्यांपैकी एकाचंच होता येई. ‘स्कायरिम’मध्ये जन्मभर कुऱ्हाड चालवणारा गडी जेमतेम मंत्र टाकून विंटरहोल्डच्या जादू-कॉलेजचा प्रमुख होतो. कम्पॅनियन्स या योद्ध्यांच्या टोळीचा आणि चोरांच्या गिल्डचा म्होरक्याही तोच! कुणाचं काही हुकू नये म्हणून सगळी दारं सताड उघडी ठेवली, मग योद्धा निवडला काय नि जादूगार निवडला काय?

दुसरी चूक: मार्कर (कुठे जायचं ते दाखवणारा पडद्यावरचा बाण) बंद केला की जुनी मजा परत येईल, ही आशा. ‘मॉरोविंड’मध्ये माणसं रस्ता सांगायची. मूनमॉथ किल्ल्यावरून पुढे जा, ड्वेमर या लुप्त जमातीचा जुना पूल ओलांड, मग आर्क्न्गथँडचे अवशेष. ‘स्कायरिम’मधली माणसं बरेचदा नुसतं ‘अमुक गुहेतून तमुक वस्तू आण’ म्हणतात, कारण बाण आहे हे लिहिणाऱ्यानेच गृहीत धरलंय. बाण काढलात तर हातात काहीच उरत नाही. त्यापेक्षा जर्नलमध्ये (गेममधल्या कामगिऱ्यांच्या नोंदवहीत) खुणा आणि दिशा घालणारा मॉड, म्हणजे चाहत्यांनी बनवलेली जोडणी, टाका, मग त्या कामगिरीचा मार्कर बंद करा. फास्ट ट्रॅव्हल (नकाशावर टिचकी मारून थेट पोचणं) सोडून शहराबाहेरच्या घोडागाडीने फिरलात तर नकाशाही डोक्यात बसतो. नवख्यांनी मात्र पहिल्या खेपेला मार्कर चालूच ठेवावा, उगाच हट्ट नको.

तिसरी चूक: ‘किचकट गेम खपत नाहीत’ ही सबब मान्य करणं. ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) पाळीपाळीने लढायला लावतो, एका निवडीने अख्खी कथानकं बंद करतो, तरी लाखोंनी खपला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरला. फासा पडद्यावर घरंगळताना दिसतो, कुठला बोनस कुठून आला तेही कळतं. गंमत म्हणजे तो ज्या नियमांवर उभा आहे, ती ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर फासे टाकून खेळायच्या आरपीजीची पाचवी आवृत्ती (२०१४) तिसरीपेक्षा खूपच सुटसुटीत आहे. तिथल्या बारीकसारीक बेरजा-वजाबाक्यांच्या जागी बऱ्याचदा एवढंच उरलंय: दोन फासे टाका, मोठा आकडा घ्या.