गेनला हात लावण्याआधी: स्पर्श करणाऱ्या रोबोटच्या या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात बडोद्याला, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात, व्हॉल्व्ह बॉडी घासणारा रोबोट बसवत होतो. सकाळची कास्टिंग एकसारखी निघाली. जेवणानंतर तोच रोबोट, तोच प्रोग्रॅम, आणि कडांवर खळगे. मशीनवरचा मुलगा आयटीआय करून नुकताच लागलेला. म्हणाला, "दादा, मी कशालाच हात नाही लावला." खरंच लावला नव्हता. मी दोन तास गेन (दाब चुकला की रोबोटने किती जोरात दुरुस्ती करायची, तो आकडा) वर-खाली करत बसलो आणि शेवटी टूल हवेत उचलून आकडा पाहिला. कशालाही न टेकता दाब मोजणारा फोर्स सेन्सर उणे ९ न्यूटन दाखवत होता. आम्ही दाब मागितला होता २०, रोबोट मात्र २९ ने दाबत होता.

सकाळी थंड असताना सेन्सरचा झिरो केला होता, म्हणजे तेव्हाचं वाचन शून्य धरलं होतं, आणि तोच दिवसभर चालवला. फोर्स सेन्सरच्या आतल्या स्ट्रेन गेजचं (ताण मोजणाऱ्या पट्ट्यांचं) वाचन तापमानाबरोबर सरकतं, आणि आमच्याकडे सेन्सरला लागूनच टूल फिरवणाऱ्या स्पिंडलची मोटर तापत होती. उपाय साधा आहे. अर्धा तास मशीन चालवून गरम होऊ द्या आणि प्रत्येक नग घेण्याआधी टूल हवेत असताना झिरो करा. टूल नगाला टेकलेलं असताना झिरो झाला, तर तो दाब रोबोटच्या हिशेबातून नाहीसाच होतो.

टूलचं वजन विसरणे

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. १.२ किलोचं टूल म्हणजे सुमारे ११.८ न्यूटन. टूल खाली तोंड करून झिरो केला आणि मग आडवं वळवलं, की तो भार एका अक्षातून दुसऱ्यात जातो. न टेकताही आकडे बदलतात आणि रोबोटला वाटतं आपण कशाला तरी टेकलो. टूल आठ-दहा वेगवेगळ्या दिशांना वळवून वाचनं घ्या. त्यावरून टूलचं वजन आणि त्याचा गुरुत्वमध्य काढा, आणि रोबोटच्या त्या-त्या कोनानुसार ते वजन वाचनातून वजा करा. बऱ्याच कंट्रोलरमध्ये ही सोय असते, पण टूल बदलल्यावर ती पुन्हा करायची असते, हे कोणी सांगत नाही.

हे करूनही आकडा हलत असेल, तर टूल सरळ खाली ठेवून रोबोटचा फक्त शेवटचा अक्ष (टूल धरणारा सांधा) सावकाश फिरवा. वजनाची दिशा बदलत नाही, म्हणजे वाचनही बदलायला नको. बदललं, तर हवेची नळी किंवा केबल ओढते आहे. आमच्याकडे एक केबल टाय कापला, नळीला हातभर ढील दिली, आणि ३ न्यूटनचा खेळ थांबला.

आकडा गुळगुळीत करण्याचा मोह

स्क्रीनवरची रेघ थरथरते म्हणून फिल्टर वाढवला जातो. सेकंदाला १००० वाचनं घेऊन ५० वाचनांची सरासरी काढली, तर आकडा साधारण २५ मिलिसेकंद उशिरा येतो. सेकंदाला २० मिमी वेगाने येणारं टूल तेवढ्यात अर्धा मिमी पुढे गेलेलं असतं. नग आणि टूल मिळून दर मिमीला १०० न्यूटन इतके कडक असतील, तर ५० न्यूटन दाब पडून गेल्यावर रोबोटला कळतं की आपण टेकलो. मग तो मागे हटतो, पुन्हा येतो, आणि ठकठक सुरू होते.

कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये लोडसेलबरोबर (वजन मोजणाऱ्या सेन्सरबरोबर) त्याचं वाचन घेणारी एचएक्स७११ चिप वापरणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. ती चिप सेकंदाला १० किंवा ८० वाचनं देते. वजनकाट्याला ती उत्तम आहे, टक्कर झेलायला नाही. ती वापरायचीच असेल, तर टेकण्याआधीचा वेग सेकंदाला २-३ मिमीवर आणा.

ठकठक थांबवायला माझा पहिला उपाय रबराचा असतो. टूल आणि सेन्सरच्या मध्ये किंवा नगाखाली थोडा लवचिकपणा दिला, की सॉफ्टवेअरचं अर्धं काम हलकं होतं. बडोद्याच्या कलाभवन या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कानस धरायला शिकलो, तेव्हा मनगट सैल ठेवायला सांगत, ते याचसाठी.

एकाच दिशेत दोन हुकूम

पाट्यावर वाटण वाटताना आपण खाली दाब देतो आणि वरवंटा पुढे-मागे नेतो. वरवंटा किती खाली जावा हे आपण ठरवत नाही, ते पाटा ठरवतो. रेबर्ट आणि क्रेग या रोबोटिक्सच्या संशोधकांनी १९८१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत हीच विभागणी आहे: पृष्ठभागाला काटकोनात दाब सांभाळायचा, पृष्ठभागावरून जाताना जागा. त्याच काटकोनी दिशेत "इतक्या मिमीवर जा" असंही सांगितलं, तर दोन्ही हुकूम भांडतात. नगाचा उतार बदलला, की ती दिशाही बदलते. सेन्सरचे आकडे सेन्सरच्याच अक्षांत येतात, ते टूलच्या अक्षांत बदलून घ्या.

सेन्सरचे बोल्ट टॉर्क पान्याने आणि समोरासमोरचे आलटून-पालटून आवळा. सेन्सरची केबल मोटरच्या केबलपासून दूर न्या.

एवढं झालं की टूलखाली स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ठेवा, वर फोमचा तुकडा, आणि सरळ खाली २० न्यूटन मागा. काट्यावर २ किलो ४० ग्रॅमच्या आसपास आलं पाहिजे. सकाळी एकदा आणि दुपारी मशीन तापल्यावर एकदा. दोन्ही वेळा आलं, तर मग गेन उघडा.